झाकण की शेपूट

हवाई दलात मी इंजिनांचा फिटर होतो. निवृत्तीनंतर पाचोडची शेती भावाकडंच राहू दिली आणि आम्ही दोघं नवरा-बायको शहरात राहायला आलो. मागच्या हिवाळ्यात इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापक बाई घरी आल्या. कॉलेजच्या फाटकाशी एक जुनं लढाऊ विमान उभं आहे, ते त्यांना आतल्या मैदानात हलवायचं होतं. अख्खं वळत नव्हतं, म्हणून सुटं करायचं.

"काका, या जातीच्या विमानावर तुम्ही काम केलंय ना?"

"व्हय, उमेदीची सगळी वर्षं त्याच्यावरच गेली."

ठरल्या दिवशी मी गेलो. बायकोही आली, तिला विमान जवळून बघायचं होतं. मी शिडीवरून पंखावर चढलो आणि विमानाच्या पाठीवरून हात फिरवू लागलो. मला स्पष्ट आठवत होतं: वरचं मोठं झाकण उचललं की खाली इंजिन उघडं पडतं. मी आणि माझा जोडीदार दोन बाजूंनी वाकायचो आणि आमची डोकी एकमेकांवर आपटायची. पण इथं झाकण हाताला लागेना. नुसत्या बारक्या खिडक्या, मनगट जेमतेम जाईल एवढ्या. रंगाच्या थराखाली फट दडली असेल म्हणून खरवडून पाहिलं. खाली सलग पत्रा.

"नक्की इथंच होतं?" बाईंनी खालून विचारलं.

"इथंच." माझा आवाज मलाच खरा वाटेना.

बायको सावलीत उभी होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही तर शेपूट काढायचात ना? लग्न झालं तवा सांगायचात, शेपूट सोडवून गाड्यावर घेतो, मग इंजिन मागून ओढतो. मला लई हसू यायचं."

तिला असं काही सांगितल्याचं मला आठवेना. तरी खाली उतरून पंखामागचा रंग खरवडला, तर सांधा निघाला, कमरपट्ट्यासारखा सगळ्या बाजूंनी फिरलेला. गंजलेले बोल्ट सोडवण्यात दुपार गेली. क्रेननं शेपूट मागं घेतलं. मी वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "इंजिन कुठंय?"

"काका, शोभेच्या विमानात इंजिन ठेवत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या.

ते मला ठाऊक होतं. लोकांना मीच सांगत आलोय.

रिक्षात उलगडा झाला. झाकण होतं ते त्याच्याही आधीच्या विमानाला, ज्याच्यावर मी काम शिकलो. थोडा वेळ हायसं वाटलं. मग ध्यानात आलं, तो जोडीदार तर मला बऱ्याच वर्षांनी, शेपटीच्या विमानावर भेटला. झाकणापाशी माझ्यासमोर कोण होतं?

"त्यालाच फोन लावा की," बायको म्हणाली.

"तो गेला."

ती माझ्या हातावरचा रंगाचा भुगा झटकत बसली.

आता बाईंनी मुलांपुढं बोलायला बोलावलंय. मी येतो म्हणालोय. काय सांगायचं, ते मात्र अजून ठरत नाही.