दक्षिणेकडे पाय

"मग आडवी खणा," पंच म्हणाले.

खड्डा गुडघाभर झाला होता आणि पश्चिमेच्या कडेला काळा खडक लागला होता. खोदणारे मामा पहार टेकवून वर बघत होते.

"आडवी खणली तर पाय दक्षिणेला, वढ्याकडं येत्यात, साहेब. उगवतीला न्हाई."

ख्रिस्ती माणसाला पूर्वेकडे पाय करून पुरतात. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, मेलेले उठून बसतील आणि प्रभू पूर्वेकडून येईल. तेव्हा तोंड तिकडे असावं, म्हणून. दौंडच्या आमच्या मंडळीत हे लहान मुलालाही माहीत होतं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनाही होतं.

"उठंल तवा वळंल की," ते म्हणाले. "तिला कसली घाई?"

दोन माणसं हसली. बाजूला ठेवलेल्या पेटीत माझी आई होती.

कबरस्तानाच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली, चार जागा मोकळ्या होत्या. तिथे खडक नव्हता. मी एक मागितली. त्या धरलेल्या आहेत, असं पंचांनी सांगितलं. ज्यांच्यासाठी धरल्या होत्या ती माणसं जिवंत होती. त्यातली दोन त्या वेळी तिथेच उभी होती.

वरच्या अंगाला जुन्या घरांतले लोक पुरत. वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेले, रेल्वेत गार्ड, हेडक्लार्क. खाली ओढ्याजवळ आम्ही, महारवाड्यातून आलेले. माझे आजोबा जात सोडून ख्रिस्ती देवळात आले. जात त्यांच्या मागोमाग आली. प्रभुभोजनाचा एकच पेला पुढच्या बाकांवरून निघायचा आणि आमच्या ओठांना सगळ्यांत शेवटी लागायचा.

आई मंडळीतल्या मेलेल्या बायकांना आंघोळ घालायची. क्षयाने गेलेल्या, अंथरुणात पाठ सडलेल्या, घरच्या सुना ज्यांना हात लावत नसत अशा. कोमट पाणी, मऊ फडकं, मग केस विंचरून वेणी. काम झालं की ती मागच्या दाराने बाहेर पडायची. पुढच्या दाराने पेटी निघायची. पंचांच्या आईलाही तिनेच धुतलं होतं.

कशाला करतेस, असं मी एकदा विचारलं.

"न्यायाच्या दिवशी एवढंच इचारत्यात, कुणाचं काय केलंस. मी सांगंन, ह्यास्नी न्हाऊ घातलं."

शेवटी कबर आडवीच खणली. मी मूठभर माती टाकली. दुसऱ्या दिवशी एसटीने शिरूरला परत गेले. तिथे मी शाळेत शिकवत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते दुसरं वर्ष.

तिसरीला दिशा शिकवायच्या होत्या. मुलांना पटांगणात उगवतीकडे तोंड करून उभं केलं. उजवा हात दक्षिणेकडे, म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलं नाही. मुलं हात पसरून उभी राहिली.

तेव्हापासून कुठेही गेले की आधी पूर्व कुठे ते बघायचे. फळ्यासमोर, जेवायच्या ताटावर, बसस्टँडच्या बाकावर. आई दिसायची ती उठून बसलेली, पाठमोरी. समोर ओढा आणि रेल्वे इंजिनांच्या राखेचा ढीग. डावीकडून, उगवतीकडून, माणसांचा गलबला ऐकू येतो आहे. इकडे बघ, असं तिला कुणी सांगत नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात. रेल्वेच्या शेडमधल्या वाफेच्या इंजिनांच्या धुराने त्या वर्षभरात काळ्या पडायच्या. चुना आमच्या वस्तीतल्या बायका लावायच्या. आधी वरच्या ओळी. उरला तर खाली. आईनेही आयुष्यभर असाच लावला होता.

त्या शनिवारी मी दौंडला गेले. आईची मैत्रीण मार्थामावशी बादलीत चुना कालवत होती. मी बादली उचलली आणि ओढ्याकडे चालू लागले.

"अगं, वरनं धरायचं आसतं," मावशी म्हणाली.

"यंदा खालून."

मी आईची कबर अर्धी रंगवली तेव्हा पंच आले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. रीत मोडू नका."

"साहेब, तुमच्या आईला माझ्या आईनं न्हाऊ घातलं."

"चांगली कामं केली म्हणून कुणी तरत नसतं. माणूस विश्वासानं तरतो."

"मग लिंबाखालची जागा कशानं मिळते?"

ते मावशीकडे वळले. "मार्था, तू चल वर."

मावशी कुंचला धरून उभी राहिली. मग आईच्या कबरीशी बसली. "गुडघं दुखत्यात, साहेब. वर चढवत न्हाई."

तो चढ दहा पावलांचा होता. बाकीच्या बायका पदराआड हसल्या. वर कुणीच गेलं नाही.

ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्तानात जमली. उजाडलं तेव्हा खालच्या कबरी पांढऱ्या होत्या आणि वरच्या काळ्या. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाचा भाग वाचला, मग न्यायाचा: भुकेल्याला कुणी वाढलं, आजाऱ्याकडे कोण गेलं, एवढंच राजा विचारतो तो. नंतर सगळे पूर्वेकडे वळून गायले. मी आईच्या उशाशी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिले. गाणं डावीकडून ऐकू येत होतं. तिला येईल तसंच.

महिन्याभराने पाळकसाहेब शिरूरला आले. भला माणूस. खुर्चीच्या कडेवर बसले.

"पंच तयार आहेत. आईला वर हलवू, लिंबाखाली, रीतसर पूर्वेकडे. पुढच्या वर्षी चुना तेवढा नेहमीसारखा लागू दे."

मी चहा ठेवला. पाणी उकळेपर्यंत ती जागा मला हवी होती.

"आणि मार्थामावशी? ओढ्याजवळचे बाकीचे?"

"एकाच जागेचं बोलणं झालंय, बाई."

मी नाही म्हटलं. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

आई अजून तशीच आहे. मला ती अजून पाठमोरी दिसते. आधी ती पंचांच्या शब्दामुळे तशी होती. आता माझ्या शब्दामुळे आहे. हे मी विसरत नाही.

माझ्यासाठी मी लिहून ठेवलं आहे आणि कागद मावशीच्या मुलीकडे दिला आहे. मला आईशेजारी पुरा. खडक लागला नाही तरी आडवीच खणा. आम्ही उठू तेव्हा वळणार नाही. न्याय करायला जो येईल, त्याने ओढ्याच्या बाजूने यावं.