शेळ्यांचा श्रावण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नाशिक जिल्ह्यातील शेळ्या श्रावण पाळतात. आषाढात त्यांच्या अंडाशयात बीजांडांची रेलचेल असते आणि श्रावण लागताच त्या संयम धारण करतात. हा शोध नव्वदच्या दशकात आमच्या विभागप्रमुखांनी लावला, दीपप्रज्वलन करून जाहीर केला आणि तो साधारण वीस मिनिटं जगला. त्याच्या जन्माला मी हजर होते, मृत्यूलाही होते. कच्चा मालही माझाच होता.

तेव्हा मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि शेळीच्या अंडाशयावर पीएच.डी. करत होते. मादी जन्माला येते तीच आयुष्यभराची बीजांडं सोबत घेऊन. त्यातली मूठभर पिकतात, बाकीची कुणाला पत्ता न लागू देता विरून जातात. कुणाची पाळी येते, कुणाची येत नाही, आणि हे ठरवतं कोण, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. बायकांचे अंडाशय अभ्यासाला कुणी देत नाही. शेळीचे मिळतात.

विभागप्रमुख हेच माझे मार्गदर्शक. त्यांना आपण सर म्हणू, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांना चालत नसे. सरांना 'अंडाशय' हा शब्द उच्चारायची लाज वाटायची. विद्यार्थिनींसमोर ते त्याला 'तो अवयव' म्हणत. माझ्या प्रबंधासाठी त्यांनी सुचवलेलं नाव होतं 'शेळीच्या एका ग्रंथीचा अभ्यास'. कोणती ग्रंथी, ते परीक्षकांनी ओळखायचं.

राहायला सर पंचवटीत. चातुर्मासात माझ्या प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडत नसत. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याशेजारची एक खोली, तिच्यात एक टेबल, एक मायक्रोस्कोप आणि मी. सर बाहेर उभे राहून वही मागत आणि हात पुढे करण्याआधी विचारत, "हात धुतलेत ना?" चार वर्षांत त्यांनी मायक्रोस्कोपला एकदाही डोळा लावला नाही. शोधनिबंधावर पहिलं नाव मात्र त्यांचं. डोळे न वापरता जपून ठेवल्याचं ते बक्षीस असावं.

माझे खरे मार्गदर्शक होते खाटीकमामा. जुन्या नाशकात त्यांचं दुकान होतं. पहाटे लुनावर थर्मास अडकवून मी तिथे जायची. थर्मासात शेळीच्या अंगाइतकं कोमट सलाइन असायचं, त्यात अंडाशय टाकले की कॉलेजात पोचेपर्यंत ताजे राहत. थर्मास घरच्या चहाचाच. आईने तो मला देऊन टाकला, म्हणजे पहिल्या दिवशी त्यातून काय आलं ते कळल्यावर तिने तो टाकून दिला आणि मी उचलला.

मामा अंडाशय देताना शेळीची ओळखही करून देत.

"बाई, ही सुरगाण्याची. काल जीपमधून आली. दोन दाती हाय, पोरगीच म्हणा."

"आणि ही?"

"हिचे दात जुळलेत. आजीबाई. हिच्यात तुम्हाला काय घावनार नाय, उगा सुई वाया घालू नका."

दातांवरून शेळीचं वय कळतं. दोन दाती तरणी, चार दाती संसारी, सगळे दात जुळले की म्हातारी. मामांचा अंदाज चुकत नसे. दोन दातीच्या अंडाशयावर पाण्याने टरारलेले फोड दिसायचे, सुईने पाणी ओढलं की मायक्रोस्कोपखाली बीजांडं सापडायची. आजीबाईचा अंडाशय सुपारीसारखा सुकलेला. म्हणून मी वहीत महिना आणि बीजांडांची संख्या यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखला: दात.

आता आपल्या गावाची रीत बघा. पुढे महिनाभर मिळणार नाही म्हणून आखाडात निम्मं नाशिक मटणावर तुटून पडतं. गिऱ्हाईक कोवळंच मागतं, डोंगरातून तरण्या शेळ्या जीप भरभरून येतात. श्रावण लागला की तेच गिऱ्हाईक कपाळाला गंध लावून दुकानाकडे न बघता पुढे जातं. मामा मग दोन-चार खाणावळींपुरतं कापायचे, आणि खाणावळवाल्याला रस्सा झाला की पुरे. त्यामुळे श्रावणात माझ्या थर्मासात आजीबाईच येत. बीजांडं कमी, हे तर होणारच होतं.

चौथ्या वर्षी सरांनी वही नेली आणि तिसऱ्या दिवशी उजळलेल्या चेहऱ्याने दारात आले. "मॅडम, तुमच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. श्रावणात बीजांडं घटतात! चारही वर्षं!"

"सर, श्रावणातल्या शेळ्या म्हाताऱ्या असतात. शेजारचा रकाना बघा ना."

"तो मी टाइप करताना गाळला. आपण काय दंतवैद्यकात संशोधन करतोय?" सर हसले. त्यांच्यामागे उभा असलेला क्लार्कही हसला. सर हसले की हसायचं, हे त्याच्या कामात मोडत असे.

"पण सर, हे चूक आहे."

"तुमच्या प्रगती अहवालावर माझी सही व्हायचीय," सर प्रेमाने म्हणाले. "आणि ही खोली खेळाच्या सामानासाठी मागताहेत. मीच थोपवून धरलंय."

म्हणजे बोलले तर खोली जाणार, प्रबंध जाणार. गप्प राहिले तर चार वर्षांच्या पहाटा खर्चून मी एक पंचांग तयार केलं, असं होणार. मी गप्प राहिले. या गोष्टीत मी सगळ्यांना नावं ठेवतेय, तेव्हा हेही नोंदवून ठेवते.

सरांनी चर्चासत्र ठरवलं. पाहुणे म्हणून शहरात वंध्यत्वाचं केंद्र चालवणारे एक डॉक्टर बोलावले. त्यांच्या केंद्राच्या भिंतींवर बाळांचे मोठे फोटो होते, सगळी बाळं निळ्या डोळ्यांची. त्यांच्याखाली बाकावर आमच्या नामपूर-सटाण्याकडच्या बायका मांडीवर फायली धरून बसलेल्या. नवरे बाहेर पानटपरीवर, कारण दोष बाकावरच्या बाईतच आहे हे घरून ठरवून आणलेलं. डॉक्टरांना शोध फारच आवडला. सरांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता माझ्यासमोर म्हणाले, "मग श्रावणात पेशंटना उपचाराच्या तारखाच देत नाही. चातुर्मास संपल्यावर या म्हणतो. धर्माचंही होतं, शास्त्राचंही होतं."

तोवर हे शेळ्यांपुरतं होतं, आणि शेळ्या मेलेल्या होत्या. आता अडतिशीची एखादी बाई, जिच्याकडे मोजकेच महिने उरलेत, ती माझ्या वहीच्या आधाराने चार महिने घरी बसणार होती. सासरचे तोवर दुसरी बघून ठेवणार होते. मी हातातली कपबशी खाली ठेवली आणि अत्यंत भोळा चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमतो.

"सर, नमुने देणाऱ्यांचा सत्कार करूया का? संशोधन समाजापर्यंत पोचतंय असं दिसेल."

शाल आणि नारळ या दोन गोष्टींपुढे सर विरघळत. लगेच हो म्हणाले. पत्रिकेवर 'खाटीक' छापणं मात्र त्यांना झेपलं नाही. छापलं 'पशुधन क्षेत्रातील सहयोगी'.

पुढे काय झालं ते आधीच सांगते, कारण शेवटचं वाक्य माझं नाही आणि त्यानंतर बोलायची माझी छाती नाही. खोली गेली. तिथे भाले आणि गोळे ठेवले, ते आजतागायत कुणी फेकलेले नाहीत. मी मार्गदर्शक बदलला, जिन्याखाली टेबल मांडलं आणि दात हे प्रबंधाचं एक प्रकरण झालं. दोन हजारनंतर नाशकात जागोजागी वंध्यत्वाची केंद्रं निघाली. तिथल्या मुलामुलींना मायक्रोस्कोपखालचं बीजांड ओळखायला मीच शिकवलं, आणि काहीही बघण्याआधी बाईचं वय विचारायला. त्या डॉक्टरांनी श्रावणातल्या तारखा कधीच थांबवल्या नाहीत. सर शाल घेऊन निवृत्त झाले. दुसऱ्या कुठल्या अवस्थेत मी त्यांची कल्पनाच करू शकत नाही.

तर चर्चासत्र. सत्कार आधी झाला. मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मी त्यांच्या कानाशी एवढंच म्हटलं, "मामा, सरांचं भाषण नीट ऐका हं. तुमच्या शेळ्यांबद्दल आहे."

पडद्यावर आषाढाचा उंच खांब उमटला, शेजारी श्रावणाचा बुटका. सरांनी छडी त्या बुटक्यावर टेकवली आणि आवाज खाली आणला.

"मुकं जनावर. पण श्रावणाचं भान आहे त्याला. हे का घडतं, याचं कारण विज्ञानाला अजूनही सापडलेलं नाही."

टाळ्या पडल्या. डॉक्टर वहीत काही लिहून घेत होते. टाळ्या थांबल्या, आणि मामा नारळ सावरत उभे राहिले.

"आवो सर, त्यात सापडायचंय काय? श्रावणात तुमी कोन मटन खात नाय, मग चांगली शेळी कापायची कोनासाठी? त्या समद्या म्हाताऱ्या व्हत्या! दात नाय का बघितले तुमी?"