काकूंचा बटणांचा पाठ

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शिलाईच्या काकू विद्यापीठात विशेष शिक्षण शिकायला गेल्या. पहिल्याच दिवशी अख्खा वर्ग उठून उभा राहिला आणि "गुड मॉर्निंग, मॅडम!" म्हणाला. काकूंनी ते निवांत ऐकून घेतलं, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि मग स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

नणंदेनं तर तोंडाला पदर लावला. "वहिनी, डबा कोण भरून देणार तुम्हाला?"

"तुम्हीच द्या की," काकू म्हणाल्या. "तेवढीच तुमची मदत!"

वीस वर्षं काकूंनी एका विशेष शाळेच्या मुलांचे कपडे शिवले होते. कपडे पोचवायला जायच्या आणि वर्गाच्या दारात तासभर रेंगाळायच्या. शेवटी नवराच कंटाळून म्हणाला, "अगं, दारात किती उभी राहशील? आत तरी जा!" मग काकू आत गेल्या, त्या विद्यापीठाच्या वाटेनं.

ही पदवी घेऊन कुणी विशेष शाळेत जातं, कुणी तान्ह्या मुलांच्या आयांना शिकवतं, कुणी मोठ्या झालेल्या मुलांना कामधंद्याला लावतं. काकूंचं ठरलेलं होतं. गल्लीच्या टोकाच्या साध्या शाळेत विशेष शिक्षिकेची जागा निघाली होती. अडत होतं एकच. परीक्षकांसमोर एका मुलाला शिकवून दाखवायचा परीक्षेचा पाठ. तो गेल्या वर्षी घाबरून फसला होता. यंदा फसला की जागा गेली.

पाठासाठी मिळाली नऊ वर्षांची एक मुलगी. सगळे तिला राणीसरकार म्हणत. ती बोलत नसे. सगळा कारभार भुवयांवर. तिला स्वेटरची बटणं लावायला शिकवायची होती. काकूंनी लाकडी चौकटीवर कापड ताणून सुबक बटणपट्टी शिवली. शिकवण्याची रीत उलटी: आधीचं सगळं बाईंनी करायचं, शेवटचा खटका, म्हणजे बटण काजातून ओढून घेणं, मुलीनं. मग शेवटचे दोन टप्पे तिचे, मग तीन. महिन्याभरात राणीसरकार चौकटीवर चुटकीसरशी बटणं लावू लागली.

परीक्षक आले ते कोट उघडा टाकून, कपाळाला आठ्या घालून. राणीसरकारनं स्वेटर चढवला, खाली पाहिलं आणि हात जागीच थांबले. भुवया वर गेल्या, खाली आल्या. उजवा हात बटण शोधत होता आणि तिथे होतं काज.

परीक्षकांचं पेन कागदावर टेकलं.

आणि मग काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, मी शिंपीण ना! आयुष्यभर कपडा समोरून पाहिला, घालणारीच्या बाजूनं कधी पाहिलाच नाही. चौकटीवर बटणं तिच्या उजवीकडे, अंगावर मात्र डावीकडे!

काकूंनी पाठाचं लिहून आणलेलं टाचण मिटून टेबलावर ठेवलं.

"टाचणात हे नाही, बाई," परीक्षक म्हणाले.

"नाही सर. टाचण चुकलंय. मुलगी बरोबर आहे."

काकू जमिनीवर बसल्या, राणीसरकारला पुढ्यात घेतलं आणि मागून हात पुढे आणले. आता तिचं डावं ते काकूंचं डावं. वरचं बटण काजात अर्धं सरकवलं आणि हात काढून घेतले. शेवटचा खटका तिचा. खट्! दुसऱ्या बटणाला काकूंनी नुसतं काज धरलं. तिसऱ्याला हात लावायला गेल्या, तर भुवया अशा काही उंचावल्या की काकूंनी हात मागे घेतला. तिसरं, चौथं, पाचवं राणीसरकारनं एकटीनं लावलं.

ती उठली, तरातरा परीक्षकांकडे गेली आणि त्यांच्या उघड्या कोटाकडे नापसंतीनं पाहून त्याची बटणं लावू लागली. पोटावरचं बटण काही केल्या काजापर्यंत पोचेना. भुवया चढल्या. परीक्षकांनी निमूट पोट आत ओढलं. खट्!

काकूंचे गुण त्यांनी श्वास रोखूनच लिहिले. वर्गात पहिला नंबर.

जून महिन्यात काकू त्या साध्या शाळेत रुजू झाल्या. वर्गात शिरताच मुलं उठून म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम!"

या वेळी काकू शेवटच्या बाकावर गेल्या नाहीत. आणि डबा खरोखरच नणंदेनं भरून दिला होता.