अंगणातलं यार्ड

आधीच सांगतो, खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड माझं आहे, बाबांचं नव्हे. त्यांनी उभा जन्म पनवेलकडच्या मालगाड्यांच्या यार्डात सांधेवाला म्हणून काढला. सांधे बदलायचे, हाताने इशारे करायचे आणि डबे या रुळावरून त्या रुळावर लावून घ्यायचे. सुट्टीत रेवदंड्याला घरी आले की मात्र गाडीचा विषयही काढू देत नसत. वाडीतल्या सुपाऱ्या भल्या आणि ते भले.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. आम्हाला ते ओळखतात की नाही, तेही कळेना. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, जुन्या सवयीचं काही समोर ठेवा, एखादा शब्द परत येईलही. आईला एकच शब्द हवा होता. बाबांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही, त्या पिढीत कोण मारत होतं? 'अगं' म्हणायचे, बस्स. तेवढ्या 'अगं'वर तिचा सगळा संसार झाला, आणि आता तो शब्द ऐकायला तिचा जीव कासावीस व्हायचा.

मी ठरवलं, त्यांच्यासाठी खेळण्यातल्या रुळांचं छोटंसं यार्ड बांधायचं. आराखडा कागदावर काढून दाखवला, तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग म्हटलं, अंगणातच मोठा काढू.

"खडूने काय गिरगटतोस? थांब, रांगोळी आणते," आई म्हणाली. तिने सारवलेल्या अंगणात ठिपके घातले. मी सांगत गेलो, ती रेघा ओढत गेली. मधोमध मुख्य लाईन, तिच्यातून एकामागून एक फुटणारे फाटे, आणि इंजिनाला मागेपुढे करायला कडेला एक लांब मोकळी लाईन. वळणं तिने मला काढूच दिली नाहीत. "तुझ्या वळणावरून गाडी पडेल," म्हणाली. शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. "सरकारला जमला न्हाय, पण तुमच्या अंगणात आली बघा रेल्वे." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. चेष्टा ऐकायची माझी तयारी नव्हती.

बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. ते उठले, काठी टेकत खाली आले आणि रांगोळीच्या कडेला उभे राहिले. एकेक फाटा नजरेने पार टोकापर्यंत पाहिला. मला वाटलं, जमलं. आनंदाने मी आईला हाक मारली. ती वाळवायच्या सुपाऱ्यांचं सूप घेऊन, साडी जरा वर धरून, रेघा न मोडता सरळ मधूनच येऊ लागली.

"ओ बाई, बाजूला व्हा. डबे मागे येतायत."

आवाज खणखणीत होता. एवढ्या महिन्यांनी बाबा बोलले, तेही अख्खं वाक्य, आणि आईला म्हणाले बाई. मला त्यांचा राग आला. आजारी माणसाचा, पण आलाच.

"बाबा, अहो आई आहे ती," मी जवळजवळ ओरडलोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात वर होता आणि डोळे रिकाम्या रांगोळीवर.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मागे सरली आणि सूप कमरेवर घेऊन रेघेबाहेर उभी राहिली. बाबा पंजा सावकाश हलवत कुणाला तरी मागे घेत होते. अखेर त्यांनी हात खाली घेतला.

"जाऊ का आता?" आईने विचारलं.

त्यांनी दोन्ही बाजूंना नीट पाहिलं. "जा. पण असं रुळातून येत जाऊ नका. घरी कोणीतरी वाट बघत असेल तुमची."

"नाही हो," आई म्हणाली, "वाट मीच बघतेय." आणि ती रूळ ओलांडून त्यांच्या शेजारून पडवीत गेली.