उद्याचं तिकीट

धुक्यामुळे नागपूरचं विमान रद्द झालं आणि आम्ही सगळे काउंटरपुढे कंटाळून उभे राहिलो. माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या.

"काकू, आता उद्या सकाळचंच तिकीट देता येईल," काउंटरवरची मुलगी दमलेल्या आवाजात म्हणाली.

"उद्या जाऊन काय करू, बाळा? भाऊ गेला माझा. संध्याकाळी नेणार आहेत त्याला."

मुलीनं पुन्हा सगळं शोधलं आणि मान हलवली. बाईंनी तिथूनच घरी फोन लावला. "माझ्यासाठी थांबू नका," एवढंच म्हणाल्या आणि बाजूच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

तिकीट बदलून मिळतं. ज्यासाठी निघालो ते मात्र आपली वाट पाहत नाही.

"तुम्हाला उद्याचं चालेल?" मुलीनं मला विचारलं. मला नुसतं घरी परतायचं होतं. तरी त्या बाईंदेखत "चालेल" म्हणायला जीभ रेटेना.