मध्यस्थांच्या आक्का

आक्का बैठकीला कधी वेळेवर आल्या नाहीत, आणि त्या आल्याशिवाय बैठक कधी सुरू झाली नाही. मी आयुष्यभर ठरलेल्या वेळेआधी पोचत आलो. माझी कुणी वाट पाहिल्याचं मला आठवत नाही. नारायण पेठेतल्या मंडळाच्या खोलीत आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसलेलो असायचो. खाली गाडीचा हॉर्न वाजायचा, मग जिन्यात बांगड्यांचा आवाज, मग अत्तराचा वास, आणि शेवटी आक्का. "सिंहगड रोड जाम होता हो," म्हणत त्या खुर्चीत बसायच्या. सिंहगड रोड रोजच जाम असतो, हे धायरीत जन्मलेल्या बाईंना ठाऊक नसेल असं नाही. पण मघापासून कुरकुरणारी माणसं त्यांना बघून अशी उजळायची, की जणू उशीर आमच्याकडूनच झाला होता.

आमचं मंडळ व्यावसायिक मध्यस्थांचं. कोर्टात तारखांमागून तारखा घेण्यापेक्षा भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवायचं आणि त्यांच्याच तोंडून तोडगा काढायचा, हे आमचं काम. मंडळ सुरू करण्यात माझा वाटा मोठा होता, हे मीच सांगायला लागतं यातच सगळं आलं. खोली मी शोधली, घटना मी लिहिली, नोंदणीसाठी खेटे मी घातले. आक्का नंतर आल्या. पेशाने वकीलच, वयाने माझ्याहून लहान. घर जुन्या शेतकऱ्यांचं; गावाचं शहर झालं, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि घरात समृद्धी आली. ती त्यांनी कधी लपवली नाही. जरीकाठी साडी, भली मोठी पांढरी गाडी, मोठा आवाज, त्याहून मोठं हसू. आमच्या पेठेत माणसं श्रीमंती झाकून ठेवतात आणि मतं उघडी टाकतात. आक्कांचं नेमकं उलटं होतं. सगळे त्यांना 'आक्का' म्हणायचे, त्यांच्याहून मोठे निवृत्त न्यायाधीशसुद्धा. मी 'मॅडम' म्हणायचो. त्या मला 'वकीलसाहेब' म्हणायच्या, आणि त्यात थट्टा किती नि मान किती हे मला कधी कळलं नाही.

अध्यक्ष निवडायची सभा झाली तेव्हा मी इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. चार शब्द बोलावे लागतील म्हणून तेही मनात जुळवून ठेवले होते. निवृत्त न्यायाधीश उठले आणि म्हणाले, "अध्यक्षपदासाठी मी आक्कांचं नाव सुचवतो." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही, इतक्या टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला! आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला तुमची घटना-बिटना काही कळत नाही. ते वकीलसाहेब बघतील. ते कार्यवाह होणार असतील तर मी अध्यक्ष होते, नाहीतर राहू द्या." आता यावर नाही म्हणायचं तर मनाचा कोतेपणा दिसतो. मी कार्यवाह झालो. त्या दिवसापासून कार्यक्रमाचं सभागृह मी ठरवायचं, पाहुण्यांना मी आणायचं, आणि वर्तमानपत्रात छायाचित्र आक्कांचं. एकदा त्यात माझा कोपर आला होता.

हे सगळं मी गिळलं असतं. पण त्यांचं कामही चांगलं होतं, आणि ते गिळणं अवघड होतं. त्यांची बसवण्याची पद्धत निराळी होती. आम्ही शिकलेलो होतो की दोन बाजूंना टेबलाच्या दोन बाजूंना बसवावं आणि आपण मधल्या टोकाला. आक्का दोघांनाही एकाच बाजूला, शेजारी शेजारी बसवायच्या आणि स्वतः समोर. "एकमेकांशी भांडून दमलात ना? आता दोघांनी माझ्याशी भांडा," म्हणायच्या. प्रशिक्षणाला आलेल्या नव्या लोकांना त्या सांगत, "मध्यस्थाला थोडं वाईट होता आलं पाहिजे. दोघांनी मिळून आपल्याला शिव्या घातल्या की निम्मं काम झालं म्हणून समजायचं." असली वाक्यं पोरं लिहून घ्यायची. मी निःपक्षपातीपणावर तासभर बोलायचो, तेव्हा त्यांची पेनं खिशात असायची.

शनिवार पेठेतल्या दोन मित्रांचं प्रकरण माझ्याकडे होतं. दोघांनी तरुणपणी लग्नपत्रिका छापायचं दुकान काढलं होतं. आता पटेना, वेगळं व्हायचं होतं. यंत्रं, जागा, गिऱ्हाइकं, सगळ्याची वाटणी मी व्यवस्थित लावून दिली. अडलं ते दुकानाच्या नावावर. नाव दोघांनाही हवं होतं. मी परोपरीने समजावलं, पर्याय मांडले, वेगवेगळं भेटलो, एकत्र भेटलो. दोघेही माझ्याशी अतिशय सभ्यपणे बोलायचे आणि जागचे हलायचे नाहीत. शेवटी नाइलाजाने मी आक्कांना जोडीला बोलावलं.

आक्का आल्या, उशिरा. दोघांना शेजारी बसवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असं करा, नाव दोघांनीही सोडा. माझ्या भाच्याला छपाईचं दुकान काढायचंय. त्याला नाव सापडत नाहीये, आणि तुमचं नाव चांगलं आहे. त्याला देऊन टाका."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यातला थोरला मित्र ताडकन उठला. "अहो बाई, काय बोलताय काय आपण? ते नाव आम्ही उभं केलंय!"

धाकटाही उठला. "आम्ही उन्हातान्हात सायकलवरून पत्रिका वाटल्यात. तुमच्या भाच्याला काय नाव द्यायचं? गल्लीत विचारा जरा, आम्ही कोण होतो ते!"

"मला काय माहीत तुम्ही कोण होता?" आक्का शांतपणे म्हणाल्या. "सांगा की."

मग त्या दोघांनी सांगितलं. एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं, दुसऱ्याची चूक पहिल्याने सुधारली. पहिली पत्रिका कुणाची, तिच्यात वराच्या बापाचंच नाव कसं चुकलं होतं, मग दोघांनी रात्र जागून सगळी पुन्हा कशी छापली. बोलता बोलता दोघेही हसायला लागले. नाव दोघांनीही ठेवावं, एकाने शनिवार पेठेत आणि दुसऱ्याने उपनगरात, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. मी हा पर्याय त्यांना आधी दोनदा सुचवला होता.

जिना उतरताना आक्का म्हणाल्या, "ऐकलंत ना, 'आम्ही' म्हणाले. इतके दिवस 'मी' म्हणत होते." मी मान हलवली. घरी जाताना मला सारखं वाटत होतं, की हे मला का सुचलं नाही? आणि त्याहून वाईट म्हणजे, सुचलं असतं तरी मला जमलं नसतं. माणसांनी माझ्यावर ओरडलेलं मला चालत नाही.

त्यांचं पुढारीपण मला सगळ्यात बोचलं ते ठरावाच्या वेळी. मध्यस्थीचा नवा कायदा आला, मंडळाचा भाव वाढला, आणि आम्हा काही वकिलांना वाटू लागलं की सभासदत्व वकिलांपुरतंच ठेवावं. मंडळात समुपदेशक होते, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी होते, एक माजी मुख्याध्यापिका होत्या. त्यांना कायद्याचं काय कळतं? ठराव मीच लिहिला. सभेत आवाज चढले. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्का ठरावाविरुद्ध बोलतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या बोलल्याच नाहीत. "ठराव चांगला लिहिलाय," म्हणाल्या. "मतदान दोन महिन्यांनी घेऊ. तोवर एकेका वकिलाने एकेका बिगरवकिलाबरोबर जोडीने काम करायचं." आणि माझी जोडी लावली ती त्याच मुख्याध्यापिकाबाईंशी.

त्या बाईंनी काही चमत्कार केला नाही. फक्त पक्षकार रडायला लागला की मी कागद चाळायचो, आणि त्या चाळत नव्हत्या. दोन महिन्यांनी मी ठराव मागे घेतला. आक्कांनी भर सभेत सांगितलं, "यालाच मोठेपणा म्हणतात." हरवून वर पाठ थोपटणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय? धड रागावताही येत नाही.

आक्कांच्या घरातही एक भांडण होतं, हे सगळ्यांना कुजबुजीच्या स्वरूपात माहीत होतं. धायरीत वडिलांच्या जमिनीचा शेवटचा तुकडा उरला होता. भावाला तो विकसकाला द्यायचा होता, आक्का सही करत नव्हत्या. बहीणभावाचं बोलणं थांबलं होतं. गावाची भांडणं मिटवणाऱ्या बाईंच्या घरात हे चाललंय, याचा मला आनंद व्हायचा असं म्हणणार नाही. पण झोप काही उडाली नव्हती.

एके दिवशी आक्का माझ्या कचेरीत आल्या. सांगितलेल्या वेळेआधी आल्या, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वेगळं आहे. अत्तराचा वासही नव्हता.

"वकीलसाहेब, माझा भाऊ आणि मी. तुम्ही मध्ये बसा."

"मॅडम, मंडळात माझ्याहून अनुभवी लोक आहेत. न्यायाधीशसाहेब आहेत."

"मला गोड माणूस नको. गोड माणसाला मी गुंडाळते. तुम्हाला माझा राग आहे, तुम्ही माझ्याकडे झुकणार नाही."

माझा चहाचा कप हातातच राहिला. "राग वगैरे काही नाही," मी म्हणालो.

"मग काय हाय?" बाईंच्या तोंडून गावाकडची भाषा आली की त्या मनापासून विचारत असत.

मी नियमाचा आधार घेतला. "मध्यस्थाच्या मनात एका बाजूबद्दल काही असेल तर दुसऱ्या बाजूला ते सांगावं लागतं."

"सांगितलंय. भाऊ म्हणाला, मग तर लय बेस झालं."

आम्ही मंडळाच्या खोलीत बसलो. त्या खोलीत काय बोलणं झालं, ते मी इथे सांगणार नाही. आमच्या धंद्यात ते कुणालाच सांगायचं नसतं, बायकोलासुद्धा नाही. एवढंच म्हणतो की मी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. आणि आमच्या आक्का, इतरांना 'थोडं सोडा' म्हणणाऱ्या, सोडायची वेळ आल्यावर तुमच्याआमच्यासारख्याच कष्टी झाल्या. शेवटी आक्कांनी सही केली, हे पुढे गावाने पाहिलंच.

सांगता येईल ते खोलीबाहेरचं. मी खिडकीत उभा होतो. खाली भावाची जीप दोन्ही बाजूंनी लावलेल्या दुचाकींमध्ये अडकली होती. भाऊ मागे घेत होता आणि आक्का गल्लीत उभ्या राहून ओरडत होत्या, "आरं डावीकडं घे, डावीकडं! कवा शिकणार तू?" तो काचेतून डोकं काढून म्हणाला, "तू गप बस, मगापास्नं गप बसली न्हाईस." मग दोघेही तिथेच, नारायण पेठेच्या भर रस्त्यात, पोट धरून हसायला लागले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तरी थांबेनात.

माझा सख्खा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो. आमचं कधी भांडण झालं नाही. दिवाळीत जातो, चहा घेतो, हवापाण्याचं बोलतो, निघतो. आमच्यात मिटवण्यासारखं काही नाही, म्हणून आम्हाला कुणी शेजारी शेजारी बसवलंही नाही. त्या खिडकीत मला आक्कांचा जितका हेवा वाटला, तितका अध्यक्षपदाचा कधी वाटला नव्हता.

पुढे आक्कांची प्रकृती बिघडत गेली. मूत्रपिंडांचा आजार होता. बैठकांना येणं कमी झालं, मग बंद झालं. अध्यक्षपद आपोआप माझ्याकडे आलं. आता बैठका वेळेवर सुरू होतात. वेळेवर संपतातही, कुणी रेंगाळत नाही. भेटायला गेलो की आक्का विचारायच्या, "काय अध्यक्षसाहेब, लोक भांडतात का तुमच्याशी?" मी म्हणायचो, "नाही, सगळे नीट वागतात." त्या हात हलवून म्हणायच्या, "मग अजून तुमचे झाले नाहीत."

त्या गेल्या तेव्हा धायरीच्या घरासमोर माणूस मावत नव्हता. गावकरी, वकील, पूर्वीचे पक्षकार. कितीतरी माणसं जोडीने आली होती, कधीकाळी एकमेकांचं तोंड न बघणारी. मी एका बाजूला उभा होतो. जो तो जवळच्याला आपली आक्का सांगत होता; मला वाटत होतं, हे लोक माझ्या ओळखीच्या बाईंबद्दल इतक्या हक्काने कसे बोलतात? त्यांच्याबरोबर टेबलाला टेबल लावून मी बसलो, यांनी काय पाहिलंय?

मंडळातली एक तरुण समुपदेशक पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. आक्कांच्या वहिनी तिला पाणी देत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या. कुणीतरी विचारलं, "लय जवळची होती का गं तुला?" तिने मान डोलावली आणि आणखीच रडू लागली.

मला कुणी काही विचारलं नाही. कोरडे डोळे आणि इस्त्रीचा सदरा बघून कोण विचारणार? मी रुमाल काढला, घडी मोडली आणि तसाच हातात धरून त्या मुलीकडे बघत राहिलो. आक्कांचा मी इतकी वर्षं हेवा केला, पण त्या क्षणी त्या रडणाऱ्या पोरीचा जो हेवा वाटला, त्याला तोड नव्हती.