केळीच्या बागेत लपलेली बाई

माझी कादंबरी पुण्याच्या छापखान्यात जुळून तयार होती. प्रुफे तपासून आठ दिवसांत परत पाठवायची होती. हे सत्तर सालानंतरचे, आम्ही जळगावला पिंप्राळ्याकडे राहत होतो तेव्हाचे. तुमची आई तेव्हा दुसरीत होती.

कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीच्या खानदेशाची होती. तापीकाठचे एक गाव पेंढारी लुटतात आणि पाटलांची विधवा सून तान्ह्या मुलाला घेऊन केळीच्या बागेत लपते, हा तिचा कळस. पाच वर्षे मी टिपणे काढली होती. बुटांच्या खोक्यात कार्डे होती: नाणी, पोशाख, तिथी, घोड्यांचे सामान, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. धुळ्याला माहेरी गेले की ग्रंथालयात बसून जुनी इंग्रजी गॅझेटिअर उतरवून आणत असे. शाळेत मी मुलींना निबंधाचे मुद्दे आधी लिहायला लावी, तशीच ही तयारी होती.

प्रुफे मी मोठ्याने वाचत असे, कारण डोळ्याला न दिसलेली चूक कानाला कळते. शेजारच्या मास्तरांचे वडील शिंदखेड्याकडच्या खेड्यातून मोतीबिंदू काढायला आले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, हलायला बंदी. त्यांचा ओटा आमच्या ओट्याला लागूनच होता, त्यामुळे माझी कादंबरी त्यांना आपोआप ऐकू जात असे.

केळीचे प्रकरण अर्ध्यावर आले तेव्हा ते म्हणाले, "थांब वं माय. या केळी कथाईन उन्यात?"

"नदीकाठच्या बागेतल्या, आबा."

"मना बापनी गावमा पयली केळ लाई तवय मी दहा वरीसना व्हतू. त्याना आगोदर आठे बठ्ठी ज्वारी नि कपाशी."

मला हसू आले, मग ते थांबले: म्हणजे माझ्या गोष्टीच्या काळी इथे केळ नव्हतीच. शाळेच्या वाटेवर रोज केळीच्या गाड्या दिसत, स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी केळीने भरत. मी घोड्याच्या रिकिबीचाही आधार शोधला होता, पण केळीचे कार्ड केलेच नव्हते. ते करावे असे कधी सुचलेसुद्धा नाही.

"कोण बघायला गेलंय?" तुमचे आजोबा म्हणाले. "पुण्याच्या वाचकाला जळगाव म्हटलं की केळीच आठवतात."

"पण आबांनी पाहिलंय ना."

"मग आबांपुरती एक प्रत वेगळी छाप."

मला ते मुळीच गमतीचे वाटले नाही. वाल गॅसवर करपले, वर्गात फळ्यावर मी चुकीची तारीख लिहिली. महिना बदलून सुनेला उभ्या ज्वारीत लपवावे, तर गोष्ट वैशाखातली: सून नदी पायी ओलांडते, तापीला तेव्हा पाणी कमी हवे. एक महिना हलवला की सहा प्रकरणे हलत होती. शिवाय पानांची जुळणी झालेली, म्हणजे नवे प्रकरण लिहिले तरी ते बरोबर त्याच अकरा पानांत बसायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी मी तिला पेवात उतरवले. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. ओट्यावर वाचून दाखवले.

"पेवमा? माय वं!" आबा पट्टीखालून हसले. "बंद पेवमा कोंदट हवा ऱ्हास. उतरताच मरी जाई तुन्ही बाई. आनि लुटारू पयले पेवच दखतस."

ती अकरा पाने मी फाडली. आता लपायला जागाच उरली नव्हती. दोन दिवस मी ओट्यावरून फाटकापर्यंत आणि फाटकापासून ओट्यापर्यंत फेऱ्या घातल्या. मग वाटले, नसेल जागा तर नसू दे. दागिने काढून, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन, पोर पदराखाली बांधून ती मोलकरणींच्या रांगेतून घोडेस्वारांसमोरून चालत गेली. पाटलांच्या सुनेने उन्हात तोंड उघडे टाकून चालावे, हेच त्यांच्या डोक्यात येणार नव्हते. ओळी मोजत मोजत मी ते अकरा पानांत बसवले.

या खेपेला आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवून म्हणाले, "मंग? पोऱ्या जगना का?"

त्याच दुपारी मी गठ्ठा रजिस्टर पोस्टाने रवाना केला आणि परत येऊन त्यांच्याजवळ टेकले. ते खुशीत होते. म्हणाले, "बठ्ठं बेस शे. फक्त त्या दुसऱ्या भागमा ती मोलकरणीले भुईमूगना दाना देस ना, तो भुईमूग बी नवाच शे."

चप्पल पायात होतीच. तशीच तारघरात जाऊन छापखान्याला दुरुस्तीची तार केली. छापखान्याचे उत्तर चौथ्या दिवशी आले: नवे प्रकरण घेतले आहे, पण तुम्ही आधी तपासून पाठवलेले सोळा-सोळा पानांचे पहिले दोन फर्मे छापून झाले आहेत, आता काही करता येत नाही.

तुमच्याकडे पाठवलेल्या प्रतीत पान एकोणीस उघडा. वरून सातवी ओळ, "शेंगदाणे". माझ्या प्रतीत मी ते खोडून "फुटाणे" केले आहे. तुम्हीही करा, आणि बॉलपेनने नको, शाईने करा.